आवाजाचा रकाना

पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, गोठे संपतात तिथे, एक लांबट खोली आहे. आत तीन हौद, एक मोठी शेगडी, दोन नळ आणि खिडकीखाली घासून घासून गुळगुळीत झालेलं लाकडी टेबल. मेलेल्या जनावरांची हाडं इथे शिजवतात, धुतात, वाळवतात आणि मुलांना शिकता यावं म्हणून पुन्हा तारेने जोडून उभी करतात. सत्तावीस वर्षं हे काम एकट्या बाईंनी केलं. विद्यार्थी त्यांना ‘हाडांच्या बाई’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यांच्या जावेची. ती घरी आली की बाईंच्या हातचा चहा घेण्याआधी कपाकडे दोनदा बघायची. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. माणूस सज्जन, पण तोही रोज संध्याकाळी दार उघडताच विचारायचा, “हात धुतलेस ना?” बाई तीनदा धुऊन आलेल्या असायच्या. मग त्या चौथ्यांदा धुवायच्या. संसार असाच चालतो.

बाईंचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लहानपणी त्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसायच्या आणि उघडलेल्या घड्याळाचे तुकडे बशीत मोजून ठेवायच्या. वडिलांचा एकच दंडक होता. बंद करताना एकही तुकडा उरता कामा नये आणि एकही कमी पडता कामा नये. मोजदाद चुकली की वडील ओरडायचे नाहीत, नुसते चष्म्यावरून बघायचे. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट असायचं. बाईंच्या हातात जी काही कला होती ती तिथून आली, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूकही तिथूनच आली.

महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे एक मोठे सर होते. सगळी जनावरं एकीकडे आणि मांजरकुळातल्या जनावरांचे गळे एकीकडे, असा त्यांचा खाक्या. संग्रहालयाच्या दालनात त्यांनी एक वेगळं कपाट करून घेतलं होतं. त्यात फक्त गळे. घरातलं मांजर, रानमांजर, चित्ता, हिमबिबट्या, वाघ, सिंहीण. प्रत्येकापुढे एक कार्ड, आणि त्यावर रकाने: प्राणी, वय, मृत्यूचं कारण, आणि शेवटी आवाज. हा शेवटचा रकाना सरांचा लाडका होता. मांजरापुढे लिहिलं होतं ‘घुरघुर, म्याव’. चित्त्यापुढे ‘घुरघुर, चिवचिव’, कारण एवढं धावणारं दांडगं जनावर घरच्या मांजरासारखं घुरघुरतं आणि पिल्लांना हाक मारताना चक्क पाखरासारखं चिवचिवतं. वाघाच्या आणि सिंहिणीच्या पुढे एकच शब्द होता, डरकाळी.

“घरच्या मांजराची जीभ आणि स्वरयंत्र कवटीला कशाने टांगलेलं असतं?” सर वर्गात विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचे. “बारक्या हाडांच्या साखळीने. कडीला कडी, सगळी हाडंच. सिंहात त्या साखळीतली एक कडी हाडाची नसते, तिथे रबरासारखा ताणणारा बंध असतो. त्यामुळे त्याचा गळा लांब होतो आणि आवाजाला घुमायला जागा मिळते. पण एवढ्यावर भागत नाही बरं का! हिमबिबट्याच्या गळ्यातही असाच बंध आहे, तरी तो बिचारा डरकाळी फोडत नाही. खरी मेख स्वरपट्ट्यांत आहे. सिंहाच्या पट्ट्या जाड, चरबी भरलेल्या, काठाला चौकोनी. दोन्ही नीट मिटल्या की थोड्या श्वासातही मोठा आवाज निघतो.”

मांजराच्या घुरघुरीबद्दल मात्र सर दरवर्षी वेगळं सांगायचे. आधी म्हणायचे, मेंदू हुकूम देतो आणि गळ्याचे स्नायू थरथरतात, म्हणून श्वास घेतानाही आणि सोडतानाही घुरघुर चालू राहते. अलीकडे म्हणायला लागले होते की मांजराच्या स्वरपट्ट्यांमध्ये बारीक गाद्या सापडल्या आहेत, त्यांच्यामुळे नुसती हवा सोडली तरी ती घुरघुरते. “पुढे आणखी काही सापडेल,” असं म्हणून ते खडू खाली ठेवायचे. ही नवी गोष्ट स्वतः तपासून बघायला त्यांनी एक फुंकणी बसवून घेतली होती. ती उबदार, दमट हवा नळीतून सोडायची, आणि नळीच्या तोंडाशी ताजं स्वरयंत्र बांधलं की ते वाजायचं. मेलेल्या मांजराचा गळा टेबलावर घुरघुरताना बाईंनी पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी त्या घरी जाऊन आपल्या बोक्याला मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. नवऱ्याने हात धुण्याचं विचारलं नाही, इतका त्यांचा चेहरा उतरला होता.

तर अशा या बाईंच्या दाराशी एका सोमवारी प्राणिसंग्रहालयाचा ट्रक येऊन थांबला. ताडपत्रीखाली अठरा वर्षांचा सिंह होता, पहाटे मेलेला. त्याच्या डोक्याशी एक वाळकासा माणूस बसून आला होता. तो त्याचा रखवालदार. प्राणिसंग्रहालयात लहानथोर सगळे त्याला दादा म्हणायचे. महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता.

हा सिंह आवाजासाठी प्रसिद्ध होता, म्हणजे नसलेल्या आवाजासाठी. अठरा वर्षांत तो एकदाही डरकाळला नव्हता. मान खाली घालायचा, पोट आत ओढायचा, सगळी तयारी सिंहाची करायचा, आणि घशातून नुसती हवा यायची. लोक खो खो हसायचे. प्राणिसंग्रहालयातल्या माणसांनी त्याचं नावच मुक्या ठेवलं होतं. दादाने हे नाव कधी तोंडातून काढलं नाही. तो त्याला बाळ म्हणायचा, दोनशे किलोच्या जनावराला.

सिंहाला टेबलावर घेतल्यावर सगळे बाहेर गेले. दादा गेला नाही.

“ताई, एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही याचा गळा उघडणार ना?”

“उघडणार. सरांना कपाटासाठी हवाय.”

“मग मला एवढं सांगा, की याचा आवाज माझ्यामुळे गेला का.”

बाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. दादा भिंतीकडे बघून बोलत राहिला. सिंह दोन दिवसांचा असताना त्याच्या आईने त्याला टाकलं होतं. बाटली तोंडात धरेना. डॉक्टर परगावी होते. मग दादाने वासराला पाजतात तशी नळी बारीक करून त्याच्या घशात घातली आणि दूध पाजलं. दिवसातून सहा वेळा, दहा दिवस. चौथ्या दिवशी छाव्याला ठसका लागला, आणि नळी बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला रक्त होतं.

“एवढंसं,” दादाने करंगळीचं नख दाखवलं. “मी नळी धुतली आणि कुणाला काही बोललो नाही. मला वाटलं, नोकरी जाईल. पुढे तो मोठा झाला, आणि आवाज काही येईना. साहेब म्हणाले, उपजतच मुका असेल. मीही हो म्हणालो. पण ताई, अठरा वर्षं रोज सकाळी पिंजरा उघडताना माझ्या मनात तेच यायचं. आता तो गेला. तुम्ही आत बघाल. मला खरं काय ते कळलं पाहिजे.”

“बघते,” बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

त्याच दुपारी त्यांनी गळा उघडला. उजवी स्वरपट्टी सर सांगायचे तशीच होती, जाड, मऊ, चौकोनी काठाची. डावी मात्र पांढरी पडलेली, आक्रसलेली, कातड्याच्या वादीसारखी टणक. मधोमध जुना व्रण होता. बाईंनी दोन्ही पट्ट्या चिमट्याने जवळ आणून बघितल्या. त्या मिटत नव्हत्या, मध्ये फट राहत होती. त्या फटीतून अठरा वर्षं हवा निसटत आली होती. व्रण लांबट होता आणि वरून खाली गेला होता, नळी जाते त्याच दिशेने. बाईंनी पुष्कळ गळे बघितले होते. त्यांना शंका उरली नाही.

बाहेर बाकावर दादा बसला होता. बाई म्हणाल्या, “अजून नीट पाहायचंय. उद्या या.” तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच आला. त्या म्हणाल्या, “सरांना दाखवायचंय.” तो दिवसभर बाकावर बसून राहिला. जेवायच्या सुट्टीत त्याने डबाही उघडला नाही.

सरांनी भिंगाखाली व्रण बघितला आणि मान हलवली. “नळीचाच आहे. कार्डावर लिहा. पण बाई, त्या माणसाला कशाला सांगायचं? महिनाअखेरीला घरी जाणार तो. सांगा, उपजत होतं म्हणून. हे कपाट बघायला तो थोडाच येणार आहे?” घरी नवऱ्याचंही तेच मत पडलं. जन्मभर लोकांच्या चुका शोधून पोट भरणारा माणूस, पण म्हणाला, “सगळ्याच चुका दाखवायच्या नसतात गं.” बाईंनाही पटलं. एका शब्दाने म्हाताऱ्याच्या जिवाला शांती मिळणार असेल तर तो शब्द का अडवून ठेवायचा? त्यांनी मनाशी वाक्य जुळवून ठेवलं: ‘दादा, तुमचा काही दोष नव्हता.’

मात्र हे वाक्य जुळवताना त्यांना दुसरंच काहीतरी आठवत होतं, आणि ते त्यांना रात्रंदिवस छळणारं जुनं दुखणं होतं.

चोवीस वर्षांपूर्वी, नोकरीला तिसरं वर्ष असताना, त्यांच्याकडे कपाटासाठी सिंहीण आली होती. तोवर बाईंनी मांजरांचे पुष्कळ गळे जोडले होते, सिंहाचा एकही नाही. त्यांनी तो गळा सोड्याच्या गरम पाण्यात टाकला आणि आच जरा जास्त झाली. पाणी गाळून हाडं बशीत घेतली, मांजराच्या हाडांशी ताडून मोजली, तर दोन कमी. डावीकडचं एक, उजवीकडचं एक. बाईंना वाटलं, हाडं मोरीतून वाहून गेली. दोन दिवस त्यांनी मोरीचा गाळ चाळणीने चाळला. मोजदाद चुकली होती, आणि वडील चष्म्यावरून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका शेळीची बरगडी घेतली, तिच्यातून कानशीने दोन नाजूक हाडं घडवली, घासली, उजळली आणि जागच्या जागी तारेने बसवली. इतकी बेमालूम, की सरांनी पाठ थोपटली.

मोजदाद चुकलेली नव्हतीच. ती हाडं सिंहिणीत नसतातच. तिथे बंध असतो, आणि तो गरम पाण्यात विरघळून गेला होता. हे बाईंना वर्षभराने कळलं, सरांच्या तासाला मागे फडकं घेऊन उभ्या असताना. त्याच तासाला एका मुलीने विचारलं, “सर, पण इथे तर हाड दिसतंय.” सरांची नजर तेव्हाही अधूच होती. ते म्हणाले, “बंध वाळला की असाच दिसतो.” मुलीने ते वहीत उतरवून घेतलं. बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. तेव्हापासून दरवर्षी नवी मुलं यायची, तीच काच, तेच बोट, तेच उत्तर. शेळीची दोन हाडं सिंहिणीच्या गळ्यात बसून चोवीस वर्षं शिकवत होती. बाई दर शनिवारी ती काच पुसायच्या आणि आत बघायच्या नाहीत. नवऱ्यालाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सरांनी फुंकणी लावली. शीतकपाटातून काढलेला गळा बाईंनी कोमट पाण्यात उबदार केला, नळीवर बसवला आणि दोऱ्याने आवळला. सरांना बघायचं होतं, एका पट्टीवर कितपत आवाज निघतो. हवा सुरू झाली. उजवी पट्टी थरथरायला लागली, डावी ढिम्म. डरकाळी कुठली यायला! घशातून खरखरीत हवेचा एक झोत आला, थांबला, पुन्हा आला. “हफ्फ. हफ्फ.”

आणि दाराबाहेरून उत्तर आलं. “हफ्फ.”

सर चमकून वळले. बाई जागच्या हलल्या नाहीत. दाराबाहेर दादा होता. सिंहाने हाक दिली आणि त्याने ओ दिली, अठरा वर्षं रोज सकाळी देत आला होता तशी. विचार करायला त्याला वेळच मिळाला नसणार. सरांनी फुंकणी बंद केली. मग बाहेरही शांत झालं, आणि त्या शांततेत बाईंना म्हातारा माणूस रडताना ऐकू आला.

जुळवून ठेवलेलं वाक्य बाईंना आता तोंडातून काढता येईना. ज्या माणसाने तो आवाज दाराआडून ओळखला, त्याला त्याच गळ्याबद्दल खोटं कसं सांगायचं? सर तासाला गेले. बाईंनी हात धुतले, दार उघडलं आणि म्हणाल्या, “दादा, या माझ्याबरोबर.”

त्यांनी त्याला थेट आत नेलं नाही. आधी संग्रहालयात, त्या कपाटापुढे नेलं. काच उघडली, सिंहिणीचा गळा बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवला आणि सांगितलं सगळं, मोरी, चाळणी, बरगडी, आणि ती वही घेतलेली मुलगी. दादा ऐकत होता. शेवटी त्याने एका हाडावर बोट ठेवलं.

“म्हणजे हे शेळीचं?”

“शेळीचं.”

“सिंहिणीला माहीत असतं तर?” तो म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. मग ते मावळलं. “कुणाला सांगितलंत हे?”

“आत्ता तुम्हाला.”

दादाने गळा जपून परत दिला. तो साधा माणूस होता, पण खुळा नव्हता. आपल्याला इथे का आणलंय, हे त्याच्या ध्यानात आलं. “म्हणजे माझ्यामुळेच,” तो म्हणाला.

“हो दादा. नळीचा व्रण आहे. डावीकडे.”

तो खिडकीच्या कट्ट्यावर बसला. बाई शेजारी बसल्या. खाली गोठ्यात कुणीतरी बादल्या आपटत होतं.

“दुखत असेल का त्याला?”

“नाही. तेव्हा दुखलं असेल थोडं. पुढे जखम पूर्ण भरली होती. मी हाताने बघितलंय.”

“आणि नळी घातली नसती तर?”

“तर तिसऱ्या दिवशी मेला असता,” बाई म्हणाल्या. “हेही खरं आहे. तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही.”

दादाने मान हलवली. त्याचे खांदे खाली आले होते, ओझं उतरवून बसलेल्या माणसासारखे. अठरा वर्षं जे फक्त वाटत होतं, ते आता कुणीतरी दुसऱ्याने बघितलं होतं, आणि बघूनही त्याच्याशेजारी बसून होतं.

सिंहाच्या गळ्याला बाईंनी त्या आठवड्यात गरम पाणी दाखवलंच नाही. चिमट्याने आणि बारीक सुरीने एकेक थर सोलून काढला, बंध दोन्ही बाजूंनी शाबूत ठेवला, हाडं मोजली आणि जितकी असायला हवीत तितकीच भरली. सरांकडे जाऊन शेळीची गोष्टही सांगितली. सर आधी लाल झाले, मग चष्मा काढून पुसत बसले, आणि शेवटी म्हणाले, “बाई, वाळल्यावर असाच दिसतो, हे मी सांगितलं होतं ना? मग सिंहिणीच्या कार्डावर ही चूक लिहाल तिथे माझंही नाव घाला.”

महिनाअखेरीला, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, दादा धुतलेला शर्ट घालून कपाट बघायला आला. त्याला बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून बाईंनी सिंहाचं नवं कार्ड वाचून दाखवलं. प्राणी, सिंह. वय, अठरा वर्षं. मृत्यूचं कारण, वार्धक्य. स्वरयंत्र: छावा असताना नळीने दूध पाजताना डाव्या पट्टीला इजा. त्याच दुधावर जगला.

“बरोबर लिहिलंय,” दादा म्हणाला. “आणि पुढे?”

पुढे आवाजाचा रकाना होता. त्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘नाही’. त्यांनी तेही वाचलं.

“हे चुकलं, ताई.”

“डरकाळी नव्हती ना, दादा.”

“डरकाळी नव्हती. आवाज होता. तुम्हीही ऐकलात.” तो काचेजवळ वाकला आणि आतल्या गळ्याकडे बघत राहिला. “रोज सकाळी पहिला तो बोलायचा. मी नंतर.”

बाईंनी कार्ड बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं आणि पेन उघडलं. ‘नाही’वर एक सरळ रेघ मारली आणि तिच्यापुढे सावकाश, म्हाताऱ्याला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘होता. रखवालदाराने ऐकला.’